चोराचा धागा

शनिवारी चॅटमच्या गोदीत, दोर वळायच्या लांबच लांब शेडमध्ये
ब्रेंडा टॉमसेट माझ्या हातात एक तुटकं टोक देते.
"उकल."
मनगटाएवढा जाड दोर, डांबराचा वास अजून न मेलेला.
एक पेड सुटतो, दुसरा सुटतो,
तिसऱ्याच्या पोटात एकच धागा वेगळा. पिवळा.
बाकीचे जिकडे वळलेत त्याच्या उलट वळलेला.

"हा चोराचा धागा."
तिचा बाप इथंच दोर वळत म्हातारा झाला.
राजाचा दोर कुणी कापून विकला,
भंगारात गेला, कोळ्याच्या होडीला बांधला,
तरी पोटातून हा बोलायचा.
वरचा शिक्का खरवडता येतो.
हा काढायचा तर दोरच उरत नाही.

बाकी सगळ्यावर बाण.
तोफेवर, पिंपावर, तांब्याच्या खिळ्याच्या डोक्यावरसुद्धा
तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या.
ब्रेंडा त्याला कावळ्याचा पाय म्हणते.
मी म्हणते, हा पाय माझ्या ओळखीचा आहे.

बेळगावात, कॅम्पाकडे जाणाऱ्या रस्त्यावर
बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान,
दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं उन्हात थांबायचं.
सुभेदार ज्योत्याजी घोरपडे दर दिवाळीनंतर यायचे.
काळी तबकडी, बाराच्या आकड्याखाली हाच पाय.
इटलीत नदी उतरताना हरवलं, असं त्यांनी
स्टोअरवाल्याला सही करून सांगितलेलं.
पगारातून किंमतही कापून घेतली होती तिकडं.
"मग तुमचंच की," बाबा म्हणायचे.
"पैसे भरले म्हणजे माझं होतं होय, मिस्त्री?
बाण आहे ना अजून."

दरवर्षी तेच, तेवढा बाण खोडा.
दरवर्षी बाबा डोळ्याचं भिंग न काढता सांगायचे,
खोडला तर तबकडीला डाग पडेल,
आणि बाण कुणी बघत नाही, डाग सगळे बघतात.
मग सुभेदार तबकडी आतल्या बाजूला वळवून पट्टा आवळायचे
आणि नाडी बघावी तशी वेळ बघायचे.

डाग म्हणजे कलंक. डाग म्हणजे सोनंसुद्धा,
लग्नात किती डाग घातले, विचारतातच.
कागदावर उठते ती मोहोर, आंब्याला येतो तो मोहोर.
हे ब्रेंडाला इंग्रजीत सांगायला गेले
तर तिनं चहाचा कप पुढे केला.

एका वर्षी घड्याळ दुकानात राहिलं, सुभेदार आले नाहीत.
चिठ्ठी होती: घोरपडे, ऑइलिंग, साडेतीन रुपये.
बाबा रोज चावी देत राहिले.
दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे बंद पडू नये म्हणायचे.
त्यांच्यानंतर ते माझ्या बॅगेतून इकडं आलं.
राजाचा माल पन्नास वर्षांनी राजाच्या दारात,
आणि हीथ्रोवर कुणी मान वर करून बघितलंही नाही.

गिलिंगहॅमच्या इस्पितळात एकतीस वर्षं
मी शिक्का मारलेल्या चादरी घातल्या,
शिक्का नेहमी पायाकडं यावा अशा.
माझ्या पासपोर्टात बारीक अक्षरात लिहिलंय,
ही पुस्तिका सरकारची मालमत्ता आहे.
जुन्यातही तेच होतं. सरकार तेवढं दुसरं.

आज घड्याळ तिच्या हातात दिलं.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला, बाणावर अंगठा फिरवला,
कानाशी धरलं. चालू होतं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आमच्या परसात कपडे वाळत घालायची दोरी आहे,
बापानं आणलेली, पोटाला गुंडाळून, कोटाच्या आतून.
आई गेली, तो गेला, दोरी काही तुटत नाही.

"उकलून बघितलीस कधी?"

"छे," ती म्हणाली. "कपडे कशावर घालू?"